कोरीनची कामटी

माझी पणजी तीन पायांचे स्टूल होती. गुलामीत जन्मलेल्या इझेकियल टॉलिव्हरने तिला घडवले. त्या काळी अमेरिकेतल्या या व्हर्जिनियात गुलामांना जमवून अक्षरे शिकवणे हा गुन्हा होता, आणि इझेकियलची लेक पणजीवर बसून चुलीच्या उजेडात मुळाक्षरे गिरवत असे. माझी आजी लांबलचक बाक होती. गुलामी संपल्यावर इझेकियलच्या मुलाने, नेथनने, चर्चमध्ये भरणाऱ्या शाळेसाठी तिला बनवले. तिच्यावर आजोबा आणि नातू शेजारी बसून एकच पुस्तक वाचायला शिकले. माझी आई पाठ असलेली खुर्ची होती. नेथनचा मुलगा सायलस याने ती टेकडीवरच्या शाळेतील पहिल्या शिक्षिकेला दिली. सायलसचे चिरंजीव एमस टॉलिव्हर हे माझे वडील. त्यांची मुलगी लव्हिनिया त्याच शाळेत शिक्षिका झाली, त्या १९५९ सालच्या शरदात त्यांनी मला घडवले.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, एवढे सांगून मी थांबले असते तर तुम्ही मला कोणतीही खुर्ची समजला असता. म्हणून आधी कुळ सांगितले. आता ताठ बसा आणि ऐका.

माझ्या अंगात एकही खिळा नाही. ओल्या लाकडाच्या पायांत वाळलेले दांडे ठोकले, पाय सुकताना आवळले, आणि ते आजतागायत सुटलेले नाहीत. माझी बैठक विणलेली आहे. तुमच्या गावाकडे बुरूड बांबूच्या कामट्या काढून टोपल्या विणतात ना, तशाच आमच्याकडे पांढऱ्या ओकच्या कामट्या काढतात. बैठकीत उभ्या कामट्या आणि आडव्या कामट्या असतात. माझ्या बैठकीत मागच्या दांड्यालगत एक आडवी कामटी कमी होती. तिथे बोटभर फट होती. त्या फटीची हकिगत हीच माझी हकिगत.

टेकडीवरची शाळा कृष्णवर्णीय मुलांची होती, कारण तेव्हा कायद्याने गोऱ्यांची शाळा वेगळी आणि यांची वेगळी. आमची पुस्तके गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली, पाने सुटलेली असत. पण वर्गात शिस्त होती. लव्हिनिया टॉलिव्हरबाई माझ्यावर कधी बसत नसत. त्यांचा एक नियम होता. ज्या मुलाची एक संपूर्ण पान मोठ्याने वाचण्याची तयारी होई, त्याने पुस्तक घेऊन बाईंच्या खुर्चीत बसायचे, आणि ते वाचत असेपर्यंत बाईंनी त्याच्यासमोर उभे राहायचे. मूल कितीही अडखळो, बाई शब्द सांगत नसत. उभ्या राहून वाट पाहत. पान संपले की एमसबाबांनी काढलेली एक कामटी भिजवून त्या मुलाच्या हातात येई, आणि ते मूल ती माझ्या बैठकीत स्वतः विणून टाकी. बैठक झिजली की जुने विणकाम काढायचे, एमसबाबांनी उभ्या कामट्या लावून द्यायच्या, आणि नव्या मुलांनी आडव्या भरायच्या. मी मुलांच्या वाचनाने विणली जात होते. असा मान राजसिंहासनालाही मिळालेला नाही, आणि हे मी गर्वानेच सांगते.

१९६६च्या वसंतात माझी बैठक जवळजवळ भरत आली होती. एकच कामटी उरली होती, कोरीन बास्करव्हिलची. कोरीन आठ वर्षांची होती. तिला वाचता येत होते, पण चारचौघांत आवाज घशातच राही. बाईंनी तिला एकदाही सूट दिली नाही.

"आज नाही, मिस टॉलिव्हर," ती म्हणे.

"बरं. मग उद्या," बाई म्हणत. "खुर्ची कुठं पळून जात नाही."

खुर्ची पळाली नाही, मित्रांनो. शाळाच पळवली गेली.

न्यायालयाने सांगितले होते की वेगळ्या शाळा अन्यायाच्या आहेत. ते योग्यच होते. सर्व मुलांनी एकत्र शिकावे, हे योग्यच होते. पण ते घडवण्याची रीत चुकली. गोऱ्यांच्या शाळेने बाके सरकवून जागा केली, आणि आमच्या शाळेला कुलूप लागले. त्या उन्हाळ्यात एक ट्रक आला. भिंतीवरचे वर्गांचे फोटो, धावण्याच्या शर्यतीत मिळालेले कप, एमसबाबांनी जाण्यापूर्वी काढून ठेवलेल्या कामट्यांची शेवटची गुंडाळी, सारे त्या ट्रकमध्ये गेले. एमसबाबा त्याआधीच्या हिवाळ्यात वारले होते. दोन माणसे मला उचलायला आली तेव्हा टॉलिव्हरबाई आल्या आणि माझ्यावर बसल्या. आयुष्यात प्रथमच.

"मॅम, ही पण न्यायचीय," त्यांतला एक म्हणाला.

"न्या की. माझ्यासकट न्या," बाई म्हणाल्या आणि पर्स मांडीवर ठेवून खिडकीबाहेर पाहू लागल्या.

ती माणसे खांदे उडवून मागे सरली. मग मला सोडून गेली.

नव्या शाळेत बाईंना वर्ग मिळाला नाही. त्यांच्याकडे पदवी होती, अनुभव होता. त्यांना पुस्तकांच्या खोलीत बसवले, खडू आणि पाठ्यपुस्तके वाटायला. त्या मला मोटारीच्या टपावर बांधून तिथे घेऊन गेल्या. समोरच्याच वर्गात कोरीन होती.

तिच्या वर्गशिक्षिका मिसेस हॉलस्टेड तरुण आणि गोऱ्या होत्या. त्यांच्याविषयी मी वाईट बोलणार नाही आणि कोणाला बोलूही देणार नाही. कोरीनचे हात गारठलेले दिसले तेव्हा त्यांनी घरून हातमोजे आणले. तिला कोणी चिडवले तर त्या मुलाला कडक शब्दांत बोलल्या. पण एक चूक त्या रोज करत, आणि ती फक्त प्रेमळ माणूसच करू शकतो. वाचनाची पाळी फिरत फिरत कोरीनपाशी आली की त्या हसून म्हणत, "कोरीन, तू राहू दे हं, राजा. पुढे कोण?"

मुलीला लाज वाटू नये, हा हेतू. पण अशा प्रत्येक "राहू दे"ने कोरीन थोडी थोडी पुसली जात होती. ख्रिसमसच्या सुमारास तिला मंद मुलांच्या वर्गात घालावे, अशी चर्चा मुख्याध्यापकांकडे सुरू झाली. त्या वर्गात गेलेले मूल परत येत नसे. कोरीनचे पुढचे सारे आयुष्य तेव्हा एका हसऱ्या वाक्यावर लटकत होते.

टॉलिव्हरबाई दुपारच्या सुटीत कोरीनला पुस्तकांच्या खोलीत बोलवत. ती माझ्यावर बसे, बाई उभ्या राहत. तिथे चारचौघे नव्हते, फक्त बाई आणि मी. तिथे कोरीनचा आवाज निघाला. आधी पुटपुटणे, मग वाक्य, मग नदीकाठच्या एका बगळ्याच्या धड्याचे अख्खे पान. एकदा ते पान वाचताना दारात मिसेस हॉलस्टेड उभ्या होत्या. त्या खडू न्यायला आल्या होत्या. पान संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. कोरीनला बाईंनी बाहेर खेळायला पाठवले.

"तिला वाचता येतं?" हॉलस्टेडबाईंनी विचारले.

"येतं. तुम्ही कधी ऐकलं नाहीत."

"मला वाटलं, सगळ्यांसमोर चुकली तर मुलं हसतील. मला तिला दुखवायचं नव्हतं."

"मिसेस हॉलस्टेड, तुम्ही तिच्याशी चांगलं वागता. मी पाहते ना समोरून. आता जरा कडक वागा. चुकली तर पुन्हा वाचायला लावा. दया तिला घरीदारी पुष्कळ मिळेल. तिच्याकडून कुणी काही मागत नाही, ते मागा."

मी वाट पाहत होते की आता ही गोरी बाई रागावेल, खोलीतल्या कारकुनाने शिक्षिकेला शिकवू नये असे म्हणेल. तिचे कान लाल झाले. मग तिने विचारले, "ती अडखळली की तुम्ही काय करता?"

"उभी राहते."

"फक्त उभी राहता?"

"करून बघा. सोपं नाही."

दुसऱ्या दिवशी हॉलस्टेडबाईंनी आधी मुख्याध्यापकांकडे जाऊन विचारले की मिस टॉलिव्हरना वर्गात येऊन बसता येईल का. नकार आला. म्हणून त्यांनी आपल्या वर्गाचे दार उघडे ठेवले. बाईंनी पुस्तकांच्या खोलीचे दार उघडे ठेवले. मी त्या दारात होते.

"कोरीन, आज तुझं पान."

कोरीन वाचू लागली. तिसऱ्या ओळीत अडली. मागून कोणीतरी खुदखुदले. हॉलस्टेडबाई आपल्या खुर्चीवरून उठल्या आणि उभ्या राहिल्या. खुदखुदणे आपोआप थांबले. इकडे माझ्या पाठीवर टॉलिव्हरबाईंची बोटे इतकी घट्ट आवळली होती की मला वाटले आता लाकडात रुतणार. मग त्या बगळ्याने पंख उघडले, तो नदीवरून उडाला, आणि पान संपले.

संध्याकाळी कोरीन आमच्या खोलीत धावत आली. "मॅम, माझी कामटी!"

बाईंनी माझ्या फटीकडे पाहिले. कामट्यांची गुंडाळी ट्रकबरोबर गेली होती, त्या काढणारे हात मातीत होते.

"कोरीन बास्करव्हिल," बाई म्हणाल्या, "मी तुझी एक कामटी देणं लागते. आणि तू खुर्चीत वाचत, मी समोर उभी, सगळ्यांच्या देखत. तेही देणं लागते. टॉलिव्हर देणं बुडवत नाहीत."

मंद मुलांच्या वर्गाचा विषय पुन्हा निघाला नाही. पण वर्षअखेर बाईंना सांगण्यात आले की त्यांची आता गरज नाही. त्या वॉशिंग्टन शहरात गेल्या, तिथल्या एका शाळेत केस पांढरे होईपर्यंत शिकवत राहिल्या. जाताना मला या चर्चच्या हवाली केले. मी तळघरातील या हॉलमध्ये आले.

पुढची वर्षे सांगण्यासारखी नाहीत, तरी सांगते, कारण तुम्हाला ठाऊक असावे. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले. ओले कोट टाकले. नाताळच्या झाडाचे तुटके दिवे ठेवले. घडीच्या खुर्च्या आल्या, त्यांची रांग लागली, आणि मला कोपरा मिळाला. कोणी बसायला आलेच तर फटीत कापड अडकून चरफडत उठे. मी कोणाला दोष देत नाही. माझी किंमत सांगणारे कोणी उरले नव्हते, आणि खुर्ची स्वतःची ओळख करून देऊ शकत नाही.

आमच्या या हर्नडन गावाच्या आसपास संगणकाच्या कंपन्या वाढल्या, तुमचे आईवडील आले, आणि रविवारी या हॉलमध्ये तुमची मराठी शाळा भरू लागली. तुमची भाषा मी कोपऱ्यातूनच शिकले. तुमच्या शुभाकाकू चांगल्या शिकवतात. 'ळ' मात्र तुम्ही अजून नीट म्हणत नाही, ते सुधारा.

हॉलची किल्ली कोरीनकडे असते. होय, तीच. ती दूरच्या राज्यात मुख्याध्यापिका झाली, निवृत्त होऊन गावी परतली. तुम्ही तिला मिस कोरीन म्हणता. गेल्या शरदातील एका रविवारी ती मागे बसून तुमचा वर्ग संपण्याची वाट पाहत होती. वाचनाची पाळी निधीपाशी आली.

"निधी, इट्स ओके बाळा, तू नको वाचूस हं," शुभाकाकू गोड हसून म्हणाल्या. "आर्य, तू घे रे."

कोरीनला मराठीचा एक शब्द येत नाही. पण तो सूर तिने ओळखला. मी पाहिले, तिचा हात गळ्याशी गेला. वर्ग सुटल्यावर तिने शुभाकाकूंना थांबवले आणि इंग्रजीत विचारले.

"त्या मुलीला का वगळलंत?"

"ती खूप शाय आहे हो. एम्बॅरस होते. मला तिला प्रेशर नाही द्यायचं."

"तुम्ही प्रेमळ आहात," कोरीन म्हणाली. "मलाही एक प्रेमळ बाई होत्या. त्यांनी मला जवळजवळ बुडवलं होतं." आणि तिने शुभाकाकूंना पुस्तकांच्या खोलीची हकिगत सांगितली.

निधी तिथेच वडिलांची वाट पाहत होती. ती ऐकता ऐकता माझ्यावर टेकली आणि ओरडली, "आऊच! बोट अडकलं! मिस कोरीन, दिस चेअर इज ब्रोकन."

"मोडलेली नाही. तिथली एक कामटी यायची आहे. ती माझी."

"मग लाव ना! यूट्यूबवर असेल."

कोरीन मनापासून हसली. "ती मी लावायची नाही गं. मला ती कुणीतरी देणं लागतं. पण त्यांना आता नीट दिसत नाही, आणि वय फार झालंय."

"ओह," निधी म्हणाली. मग विचार करून, "सो, वुई शुड हरी."

हिवाळा सरताना वादळ आले आणि चर्चच्या आवारातील एक तरुण पांढरा ओक आडवा झाला. कोरीनने बाईंना फोन लावला. पलीकडून जो आवाज आला तो मी साठ वर्षांनीही ओळखला.

"खोड सरळ आहे? गाठी नाहीत? मग कुणाला हात लावू देऊ नकोस. मी येते."

"मॅम, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरला कामट्या काढता येतात का?"

पुढच्या रविवारी टॉलिव्हरबाई आल्या. नव्वदीला टेकलेल्या, डोक्यावर हॅट, हातात काठी, डोळ्यांत धुके. निधीचे वडील संजीव इलेक्ट्रिक करवत घेऊन तयार होते. बाईंनी ती सुरू होताच काठी आपटली.

"तो गोंगाट बंद करा. करवत लाकूड कापते. मला ते उकलायचं आहे."

मग त्यांनी बोटांनी खोडावरील वलये चाचपली आणि सांगितले, पाचर कुठे धरायची, घाव कुठे घालायचा, लाकडाची फाळकी उलगडून कामटी दोन्ही हातांनी कशी ओढायची. संजीवरावांच्या पहिल्या कामट्या कडकन तुटल्या.

"बाबा, यू आर फायर्ड," निधी म्हणाली.

"अगं थांब जरा! हे कोडिंगपेक्षा अवघड आहे यार!"

"जेंटलमन," बाई म्हणाल्या, "लाकडाला घाई कळते. श्वास सोडा आणि पुन्हा ओढा."

संध्याकाळपर्यंत एक लांब, सरळ, लवचीक कामटी निघाली. ती पुढच्या रविवारपर्यंत भिजत ठेवली.

आता शेवटचे सांगण्याआधी मला तुम्हाला एक आज्ञा करायची आहे, मित्रांनो. विनंती करण्याची मला सवय नाही. जुन्या वस्तू जपा, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, ज्या शिक्षकांनी तुमच्याकडून काही मागितले, तुम्ही अडलात तेव्हा जे उभे राहिले, त्यांची नावे विसरू नका. ती नावे ट्रकमध्ये टाकू देऊ नका. तुमचे आईवडील ज्या कायद्याच्या दारातून या देशात आले, ते दारही त्याच काळात, न्याय मागणाऱ्या अशाच माणसांच्या रेट्याने उघडले होते. हे मोठेपणी वाचाल तेव्हा माझी आठवण ठेवा.

त्या रविवारी वर्गात शुभाकाकू म्हणाल्या, "निधी, आज तू."

निधीने मान हलवली. शुभाकाकूंनी पुढचे नाव घेतले नाही. त्या उभ्या राहिल्या. त्यांचे पाय मला दिसत होते. त्या एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होत्या, पण उभ्या होत्या. निधीने वाचायला सुरुवात केली आणि अर्धे पान वाचून थांबली.

"इनफ?"

"छान. उरलेलं अर्धं पुढच्या रविवारी. विसरायचं नाही," शुभाकाकू म्हणाल्या.

मागे बसलेल्या टॉलिव्हरबाईंनी काठी एकदा हलकेच आपटली. भाषा कळली नसेल, पण नियम कळला.

मग मला हॉलच्या मधोमध आणले. इतक्या वर्षांनी मधोमध. भिजलेली कामटी बाईंनी स्वतःच्या हातांनी उचलली आणि कोरीनच्या हातात दिली. कोरीनने ती मागच्या दांड्यालगत एका उभ्या कामटीच्या वरून, पुढच्या कामटीच्या खालून अशी ओवत नेली. दुसरे टोक निधीने धरले होते. ओला, हिरवा वास माझ्या अंगात शिरला. बाई वाकल्या आणि बोटे फिरवत माझी सगळी बैठक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तपासली. मागच्या दांड्याशी त्यांचे बोट थांबले. आत गेले नाही. तिथे आता फट नव्हती.

"बस, कोरीन."

"मॅम, तुम्ही बसा ना. इतका वेळ उभ्या आहात, गुडघे दुखतील."

"गुडघे माझे आहेत. बस. आणि पान म्हण."

कोरीन बसली. पुस्तक नव्हतेच, ते पान तिला पाठ होते. नदीकाठी बगळा उभा होता, पाणी वाहत होते. तिसऱ्या ओळीशी आवाज अडला, तिथेच, जिथे तेव्हा अडला होता. संजीवरावांनी पुढे केलेला हात बाईंनी बाजूला सारला. काठीवर भार देऊन त्या ताठ उभ्या राहिल्या आणि वाट पाहत राहिल्या. कोरीनने डोळे पुसले. बगळ्याने पंख उघडले आणि तो नदीवरून उडाला.

पान संपले.

"फिटलं," बाई म्हणाल्या. "कामटी, आणि हेही. सगळं देणं फिटलं, कोरीन बास्करव्हिल."

"येस, मॅम."

"मग ऊठ आता. मला बसू दे."

आणि टॉलिव्हरबाई माझ्यावर बसल्या, आयुष्यात दुसऱ्यांदा. यावेळी मला कोणी न्यायला आले नव्हते.